आगीतून उरलेलं गोडाऊन आणि डोक्यावर आलेला पावसाळा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडते. भायखळा आणि माझगावच्या मधल्या पट्ट्यातलं शंभरी ओलांडलेलं गोडाऊन, तळमजला अधिक दोन माळे. तळाला आणि पहिल्या माळ्यावर जुना भाडेकरू, त्याच्याकडे कागदाच्या रिमा आणि कापडाचे गठ्ठे. दुसरा माळा तुम्ही चौघांनी मिळून घेतलात आणि तिथे राहता येईल, काम करता येईल असे चार लॉफ्ट काढत होतात. छप्पर उंच, म्हणून आत लोखंडी पोटमाळे उभे करायचं वेल्डिंग चालू होतं. मार्चअखेरीला संध्याकाळी काम थांबलं आणि रात्री आग लागली. माणसं सुखरूप आहेत, हे सगळ्यात मोठं. छप्पर निम्मं गेलंय, दुसऱ्या माळ्याच्या जमिनीला तीन भोकं पडलीत, जिन्याच्या बाजूला आग पहिल्या माळ्याच्या छतापर्यंत उतरली. कंत्राटदार म्हणतो पाडा. जागेचे मालक म्हणतात पाडून पुनर्विकास करू. महापालिकेची नोटीस दाराला लागलीय. आणि तुम्ही विचारताय, इमारत वाचेल का, की आमचे पैसे गेले?

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, सत्तावीस वर्षं जुन्या मुंबईतल्या इमारतींवरच काम करते. जळालेल्या इमारती त्यात वीसेक असतील. तुमची इमारत मी पाहिलेली नाही. फोटोंवरून "वाचेल" किंवा "पडेल" असं छातीठोक सांगणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवू नका. मीही तसं सांगणार नाही. पण कोणत्या क्रमाने विचार करायचा आणि काय काय मोजायचं, हे सांगता येईल.

तुमचा खरा प्रश्न, माझ्या मते, इमारत वाचेल का हा नाहीच. नीट ठरवण्याइतका वेळ मिळेपर्यंत ती उभी राहील का, हा आहे. आज एप्रिल संपत आलाय. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस येईल. म्हणजे तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. आगीने संपलेल्या जुन्या इमारती मी कमी पाहिल्यात. आगीनंतरच्या पहिल्या पावसाळ्याने संपलेल्या जास्त.

कारण साधं आहे. असल्या गोडाऊनच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या, चुन्यात बांधलेल्या विटांच्या. जाडी बघून वाटतं, याला काय होणार. पण भिंत नुसत्या जाडीवर उभी राहत नाही. प्रत्येक माळ्याच्या तुळया आणि वरच्या कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, तिला दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. छप्पर गेलं की सगळ्यात वरच्या भिंतीचं डोकं मोकळं होतं. तुळया सुटल्या तर ती पंचवीस-तीस फूट मोकळी उभी राहते. वरून उघड्या पडलेल्या भिंतीच्या पोटात पाणी शिरतं, जुना चुना भिजून मऊ होतो, सांधे धुपतात. मग जुलैतला एखादा वाऱ्याचा झोत पुरतो.

हे मी माझ्या चुकीतून शिकले. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मस्जिद बंदरकडच्या एका जळालेल्या गोडाऊनचा अहवाल मी दिला होता. आग जानेवारीतली. भिंती चांगल्या होत्या, तसं मी लिहिलं. तात्पुरते टेकू लावा हेही लिहिलं, पण शेवटच्या पानावर, शिफारशींच्या यादीत. मालक दोघे भाऊ, त्यांच्यात खर्चावरून बोलणं बंद. टेकू कुणी लावले नाहीत आणि मी पाठपुरावा केला नाही. जुलैत एका पहाटे पश्चिमेची भिंत गल्लीत आली. पहाट होती म्हणून गल्लीत माणूस नव्हता. तेव्हापासून माझ्या अहवालाच्या पहिल्या पानावर टेकू असतात, आणि ते लागल्याचा फोटो हातात येईपर्यंत मी पुढचं पान लिहीत नाही.

म्हणून तुमचं पहिलं काम टेकूंचं. बाहेरून तिरके लोखंडी टेकू, किंवा गल्ली अरुंद असेल तर आतून भिंतीला भिंत बांधणारी चौकट. कुठून लावायचे ते जागा बघून तुमचा इंजिनीअर ठरवेल. भिंतींच्या उघड्या डोक्यावर चुन्या-सिमेंटचा उतार देऊन पाणी बाहेर पडेल असं करा, वर ताडपत्री. छपराच्या उरलेल्या कैच्यांना खालून आधार. यासाठी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला लेखी कळवा: आम्ही पाडत नाही, दुरुस्तीही करत नाही, फक्त सुरक्षित करतोय. असं पत्र पुढे फार कामाला येतं.

आता ओझ्याचा मुद्दा, ज्याचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. आग दुसऱ्या माळ्यावर लागली, पण बंबांचं पाणी पहिल्या माळ्यावर उतरलं. तिथे कागद आणि कापड आहे. कापडाचा गठ्ठा पाणी पिऊन सहज दुप्पट जड होतो. कागदाच्या रिमा भिजल्या की फुगतात, आणि भिंतीला चिकटून रचलेल्या असतील तर तिला बाहेर ढकलतात. आग विझल्यावर दोन-चार दिवसांनी इमारत अचानक खचली असं ऐकू येतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. तुमच्याकडे महिना झाला, तरी माल अजून तिथेच असेल तर भाडेकरूशी बोलून तो उतरवायला घ्या. मधल्या भागातून सुरुवात करा, दोन्ही बाजूंनी सारखा. एका टोकाचा सगळा माल एकदम काढू नका. आणि काढण्याआधी फोटो, मोजणी, विम्याच्या सर्व्हेअरची सही. भाडेकरूचा विमा निराळा असेल. त्याचा सर्व्हेअरही बोलवावा लागेल.

मग येतं तपासणीचं काम. इथे प्रत्येक वस्तूची जात वेगळी, म्हणून "इमारत जळाली" असं एका दमात म्हणू नये.

लाकडापासून सुरू करते, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात आणि बहुतेक वेळा उगाच. या गोडाऊनांत बर्मा टीकच्या, म्हणजे ब्रह्मदेशी सागाच्या, तुळया असतात, फूट-फूट जाडीच्या. जाड लाकूड बाहेरून कोळसा होतं आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला उष्णतेपासून राखतो. कोळसा होण्याचा वेग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, सागासारख्या घट्ट लाकडाचा अर्ध्याच्या आसपास. म्हणजे तासभर झळ बसली तर इंच-सव्वा इंच. छिन्नीने काळा थर खरवडा, आतला धड रंग लागेपर्यंत, आणि दर दोन फुटांवर माप घ्या. त्याच्या आत आणखी साधारण सात मिलिमीटरचा थर दिसायला चांगला असतो, पण त्याची ताकद गेलेली असते. तो हिशेबात धरायचा नाही.

आकड्यात सांगते. समजा तुळई ३०० बाय ३०० मिलिमीटरची होती आणि खालून व दोन्ही बाजूंनी तीस-तीस मिलिमीटर कोळसा झाला. सात मिलिमीटरचा तो थरही वजा केला, तर वाकण सोसायची तिची ताकद मूळच्या सुमारे ५८ टक्के उरते. ऐकायला वाईट वाटतं. पण ती तुळई कशासाठी घातली होती ते बघा. आजच्या भारतीय मानकाप्रमाणे गोदामाची जमीन चौरस मीटरला कमीत कमी साडेसातशे किलोच्या आसपास भार धरून आखतात, माल उंच रचला तर त्याहून जास्त. राहत्या खोलीला दोनशे किलो धरतात. जुन्या लोकांनी मानक न बघता कापसाच्या गाठी डोळ्यांसमोर ठेवून तुळया घातल्या, आणि तुम्ही तिथे पलंग, टेबल आणि पुस्तकं ठेवणार होतात. त्यामुळे अर्ध्याहून थोडी जास्त ताकद उरलेली तुळईसुद्धा पुष्कळदा नव्या वापराला पुरते. कोब्याचं आणि नव्या संडास-बाथरूमचं वजन यात मिळवायचं, लाकडाची प्रत तपासायची, हेलकावे किती येतात ते बघायचं, हे सगळं आहेच. पण काळी पडली म्हणून तुळई टाकून द्यायची नसते.

माझी भीती तुळईच्या मधल्या भागाची नाही, टोकांची आहे. भिंतीत गेलेलं टोक शंभर वर्षं ओल खात आलेलं असतं. आगीशी त्याचा संबंध नसतो, पण आगीनंतरच्या तपासणीत ते पहिल्यांदा उघडं होतं. दुसरी जागा म्हणजे लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट. लोखंडातून उष्णता आत शिरते आणि बोल्टभोवतीचं लाकूड पोटातून जळतं. बाहेरून तुळई धड, आत बोल्ट डुगडुगतोय. प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून बघा. छपराच्या कैच्यांचे अवयव बारीक असतात, त्यांचा निकाल तुळयांहून वाईट लागेल. छप्पर नवं धरूनच चाला.

एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. आजूबाजूची गोडाऊनं जळाली. काही वर्षांपूर्वी डॉकच्या बाजूच्या एका गोडाऊनच्या दुरुस्तीत आम्ही रंगाचे थर काढत होतो, आणि खाली मुख्य तुळई काळी ठिक्कर निघाली. कुणीतरी कोळसा जेमतेम खरवडून वर रंग मारला होता. तिथले जुने हमाल म्हणाले, ही चव्वेचाळीसची. तसं असेल तर ती तुळई जळाल्यावर साठहून जास्त वर्षं माल वाहत होती. आम्ही माप घेतलं, हिशेब केला आणि ती तिथेच ठेवली.

बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, खांब ही मात्र निराळी गोष्ट. बीड दाब उत्तम सोसतं, पण ते ठिसूळ. तापलेल्या बिडावर बंबाचं थंड पाणी पडलं की तडा जाऊ शकतो, केसासारखा, रंगाखाली लपलेला. शिवाय हे खांब पोकळ ओतलेले असतात आणि ओतताना आतला गाभा सरकला असेल तर एका बाजूची जाडी दुसऱ्या बाजूच्या निम्मीच असते. म्हणून दुसऱ्या माळ्यावरचा प्रत्येक खांब रंग काढून, झिरपणारा रंग लावून तड्यांसाठी तपासायचा, आणि भोवती चार ठिकाणी अल्ट्रासाउंडने जाडी मोजायची. तडा निघाला तर वेल्डिंग करून घेऊ असं कुणी म्हणालं, तर त्याला नम्रपणे घरी पाठवा. त्या खांबाशेजारी नवा पोलादी खांब उभा करून भार त्यावर घ्यावा लागतो. खांबावर हातोडी मारून आवाज ऐकायची जुनी रीत मीही वापरते. खणखणीत आवाज आला म्हणून खांब चांगला असं ठरत नाही, पण बद्द आवाज आला तर त्याच्याखाली उभं राहू नये.

पोलादी गर्डर असतील तर सोपं आहे. पोलाद साडेपाचशे-सहाशे अंशांना निम्मी ताकद गमावतं, पण जुने गरम लाटलेले गर्डर थंड झाल्यावर ती बरीचशी परत मिळवतात. सरळ राहिलेला गर्डर बहुधा धडधाकट असतो. वाकलेला, पिळलेला काढायचा. पण गर्डरपेक्षा त्याच्या टोकाची भिंत बघा. आठ मीटरचा गर्डर पाचशे अंशांपर्यंत तापला तर सुमारे पंचेचाळीस मिलिमीटर लांबतो आणि तेवढा भिंतीला बाहेर रेटतो. थंड झाल्यावर गर्डर मागे येतो, भिंत येत नाही. बाहेर गल्लीत उभं राहून गर्डरच्या टोकाच्या रेषेत उभी किंवा गोलाकार भेग दिसते का, ते दुर्बिणीने बघा. तुमच्या नव्या पोटमाळ्यांचे पातळ पोकळ नळ्यांचे सांगाडे मात्र वाचवायच्या भानगडीत पडू नका. ते काढा, पण त्यांच्या वेल्डिंगची जागा आणि जळाल्याच्या खुणा टिपून ठेवल्यावरच. त्याचं कारण पुढे सांगते.

जिन्याच्या बाजूला मागे कधीतरी घातलेला सिमेंटचा स्लॅब आहे, असं तुम्ही म्हणता. तीनशे अंशांच्या पुढे काँक्रीटची ताकद झपाट्याने उतरते. पुस्तकात लिहिलेलं असतं की इतकं तापलेलं काँक्रीट गुलाबी दिसतं. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, तिच्यात तो गुलाबी रंग तितका उठून दिसत नाही, म्हणून रंगावर विसंबू नका. कोअर काढा, म्हणजे स्लॅबमधून नळकांड्यासारखा नमुना, आणि ध्वनिलहरींची अल्ट्रासॉनिक चाचणी करा. आत जुन्या पिळाच्या सळ्या असतील आणि त्या खूप तापल्या असतील, तर पिळामुळे मिळालेली ताकद परत येत नाही. असा तुकडा जिन्यापुरता असेल तर काढून नवा घालणं स्वस्त पडतं.

आणखी एक, दिसत नाही म्हणून राहून जाणारं. पीव्हीसीच्या वायरी आणि पाइप जळले की धुरातून आम्लाचा थर सगळ्यावर बसतो. ओल लागली की तो लोखंड खातो. पावसाआधी गर्डर, खांब, सळ्या धुऊन पुसून घ्यायला हव्यात.

इथवरचं एका वाक्यात: तुम्ही सांगितलं तेवढंच खरं धरलं तर भिंती, तुळया आणि बहुतेक खांब वाचण्यासारखे वाटतात, छप्पर आणि तुमचं नवं काम गेलं, आणि हे सगळं टेकू लागले तरच.

आता कागदांकडे वळते. माझ्या अनुभवात जळालेल्या इमारतीचं भवितव्य तिथेच जास्त ठरतं.

नोटीस बहुधा महापालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खालची असेल, तिच्यावरचा मजकूर नीट वाचा. महापालिका धोकादायक इमारतींचे वर्ग पाडते. सी-१ म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती किंवा काही भाग पाडा. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. तुमची लढाई सी-१ आणि सी-२ए यांच्या मधली आहे. मालकांच्या इंजिनीअरने सी-१ लिहिलं आणि तुमच्याकडे काहीच अहवाल नसेल, तर कागदावर सी-१ एवढंच राहील. तुम्ही मोजमापांसकट वेगळा अहवाल दिलात आणि दोन अहवाल जुळले नाहीत, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जातं. त्यासाठी तुमच्या अहवालात आकडे हवेत. "इमारत मजबूत आहे" असं लिहिलेल्या कागदाला तिथे कुणी विचारत नाही. कुठली तुळई, किती कोळसा, कुठल्या खांबाची जाडी किती, भिंत ओळंब्यातून, म्हणजे सरळ उभ्या रेषेतून, किती बाहेर, असं लिहा.

मालक लबाड आहेत असं मी म्हणत नाही. जुनं गोडाऊन सांभाळणं महाग, भाडं तुटपुंजं, हे मी पाहिलंय. पण विकास नियंत्रण नियमावलीत आगीत नष्ट झालेल्या, कोसळलेल्या किंवा कायदेशीर आदेशाने पाडलेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी ३३(६) हा वेगळा नियम आहे. इमारत उभी असताना आणि इमारत गेल्यावर जमिनीचा हिशेब बदलतो. हा हिशेब तुमच्या आर्किटेक्टकडून समजून घ्या, म्हणजे कोण कशासाठी घाई करतंय ते कळेल. कंत्राटदाराचंही तसंच. त्याच्या मनात काय आहे मला ठाऊक नाही. पण संध्याकाळी वेल्डिंग थांबलं आणि रात्री आग लागली. वेल्डिंगची ठिणगी फळ्यांच्या फटीत पडून तासन्‌तास धुमसू शकते. आग कशी लागली याचा पुरावा त्या जमिनीत आणि त्या सांगाड्यांत आहे. राडारोडा उचलला की तो गेला. जो म्हणतो "आधी सगळं साफ करू", त्याला सांगा, आधी अग्निशमन दलाचा अहवाल, पोलिसांचा पंचनामा आणि सर्व्हेअरची लेखी संमती.

तुम्ही "घेतला" असं लिहिलंत, पण विकत, पागडीने की लीजवर, ते लिहिलं नाहीत. यावर फार काही अवलंबून आहे. भाडेकरू असाल तर घाबरून ताबा सोडल्याच्या कागदावर सही करू नका. इमारत गेली म्हणून भाड्याचा हक्क आपोआप संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिला आहे. पाडायची वेळ आलीच तर आधी प्रत्येकाचं चटईक्षेत्र मोजून महापालिकेच्या नोंदीत आणा. इमारत वारसा यादीत किंवा वारसा परिसरात येते का तेही पाहा. येत असेल तर पाडणं इतकं सोपं नाही. हे सगळं वकिलाला दाखवा. मी वकील नाही, फक्त या वाटेने अनेकदा गेले आहे.

विम्यावर थोडं कटू बोलते. नेहमीच्या आगीच्या पॉलिसीत दोन अटी असतात ज्या रूपांतराच्या कामात माणसाला पकडतात. एक, जागा तीस दिवसांहून जास्त रिकामी असेल, आणि दोन, वापर बदलून धोका वाढला असेल, तर कंपनीची आधी संमती घ्यावी लागते, नाहीतर संरक्षण थांबू शकतं. दुसरा माळा रिकामा करून तुम्ही काम सुरू केलंत, तेव्हा कंपनीला कळवलं होतं का? कामासाठी वेगळी कंत्राटदाराची पॉलिसी काढली होती का? ते पत्र, ती पॉलिसी आजच शोधा. आणि विम्याची रक्कम कमी असेल तर दावाही त्याच प्रमाणात कापला जातो. पाच कोटींच्या वास्तूचा दोन कोटींचा विमा असेल आणि नुकसान दीड कोटींचं, तर हातात साठ लाख येतात. भिंतींची किंमत शून्य धरून फक्त आतल्या सजावटीचा विमा काढलेले लोक मी पाहिलेत. तुमची पॉलिसी तशी नसावी.

आणि ज्या प्रश्नाला तुम्ही हात लावला नाहीत तो मला विचारावाच लागेल. वापर बदलायची परवानगी होती का? गोडाऊनचं राहतं घर करताना महापालिकेची मंजुरी आणि अग्निशमन दलाचं ना-हरकत पत्र लागतं. ते असेल तर वरचं सगळं लागू. नसेल तर विमा, नोटीस, दुरुस्तीची परवानगी, सगळ्यांचा पाया हलतो, आणि मग जे आहे ते वकिलासमोर खरं सांगून तिथून पुढे जावं लागतं. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलच्या आवारातल्या आगीत चौदा माणसं गेली. गिरणीच्या जुन्या जागेत नवा वापर आला होता. कित्येक जण धुरात गुदमरून गेले. तेव्हापासून मी रूपांतराच्या कामात तुळईच्या आधी बाहेर पडायच्या वाटा मोजते.

तुमच्या इमारतीला एकच लाकडी जिना आहे, आणि आग त्याच जिन्याच्या बाजूने खाली उतरली. त्या रात्री वर कुणी झोपलेलं नव्हतं, म्हणून आज आपण पैशांबद्दल बोलतोय. खालच्या दोन्ही माळ्यांवर कागद आणि कापड, आणि वर झोपलेली माणसं, मध्ये लाकडी फळ्यांची जमीन: इमारत कितीही चांगली वाचली तरी या रचनेवर मी सही करणार नाही. दुसरा, न जळणारा जिना बाहेरून, मधल्या जमिनीला आग थोपवणारा थर, स्प्रिंकलर, आणि खालच्या साठ्याबाबत भाडेकरूशी लेखी करार, एवढं जमत असेल तर घरं करा. नाहीतर तिथे दिवसाचे स्टुडिओ, कार्यशाळा, ऑफिसं चालतील, रात्रीचा मुक्काम नको. तुम्ही जे लॉफ्ट डोळ्यांसमोर आणले होतेत त्यापेक्षा हे कमी आहे, कळतंय मला.

कुलाब्याची मुकेश मिल बघितली असेल तुम्ही. १९८२ च्या आगीनंतर ती पुन्हा चालू झाली नाही. भिंती समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात दशकानुदशकं उभ्या राहिल्या आणि तिथे सिनेमांची शूटिंगं होत राहिली. विटांचं काम किती चिवट असतं हे त्यातून दिसतं. काहीच न ठरवता एखादी वास्तू किती वर्षं पडून राहू शकते, हेही दिसतं. चौघांचे पैसे असे अडकू नयेत म्हणून सांगते: आत्ता फक्त तीन गोष्टींवर खर्च करा. टेकू आणि ताडपत्री, मोजमापांसकटचा अहवाल, आणि वकील. बाकी कुणालाही, कितीही घाईचं कारण दिलं तरी, अॅडव्हान्स देऊ नका. समितीचा निर्णय आणि विम्याचा आकडा हातात आल्यावर पुन्हा चौघे बसा. ज्याला बाहेर पडायचंय त्याला तेव्हा पडू द्या, आज नाही. आज त्याच्या वाट्याची किंमत कुणालाच सांगता येणार नाही.

सोमवारी तुम्ही बोलावलेला इंजिनीअर येईल तेव्हा त्याच्यासोबत तुमच्यापैकी एकाने थांबा. चारही भिंतींना, दुसऱ्या माळ्याच्या पातळीवर, आतून आणि बाहेरून ओळंबा लावून माप घ्या. माप, तारीख आणि वेळ वहीत लिहाच, पण भिंतीवरही तिथेच खडूने लिहा आणि फोटो काढा. पंधरा दिवसांनी त्याच जागी दुसरं माप घ्या. दोन्ही मापं कळवा, मग पुढचं बोलू.